वॅटचा आकडा आणि हॉलची लांबी

होम थिएटरचा तयार संच घेतला की पहिले काही महिने मजेत जातात. मग हळूहळू एक खोट कानाला टोचू लागते. संवाद नीट कळतात, मागचे स्पीकर आपलं काम चोख करतात, पण कोपऱ्यातला तो काळा डबा मात्र कुठल्याही प्रसंगी एकाच सुरात घुमतो. पडद्यावर इमारत कोसळो, विमान उडो की ढोल वाजो, आवाज एकच: बुम्म. मग माणूस मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जातो आणि काउंटरमागून पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचा दाखवू?"

या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी त्या काळ्या डब्याकडून, म्हणजे सबवूफरकडून, आपल्याला नेमकं काय हवंय ते ठरवलेलं बरं. गाणं ऐकणाऱ्यांना हे सप्तकांच्या हिशेबात चटकन कळेल. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज साधारण १३८ हर्ट्झचा असतो. त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झवर लागते. तिथून आणखी एक सप्तक खाली उतरलं की ३५ हर्ट्झ, आणि त्याच्याही खालचं सप्तक १७ हर्ट्झवर संपतं. कानाची खालची मर्यादा २० हर्ट्झची धरतात. खर्जाच्या तारेखालची ही दोन सप्तकं हाच सबवूफरचा मुलूख. यातलं वरचं सप्तक बरेचसे डबे जेमतेम सांभाळतात. खालच्या सप्तकात संचाबरोबर फुकट आल्यासारखा आलेला डबा जवळजवळ मुका असतो.

संगीतासाठी इतकं खाली जायची गरज क्वचित पडते. चार तारांच्या बेस गिटारचा सगळ्यात खालचा सूर ४१ हर्ट्झचा आणि पियानोचा २७.५ चा. त्याखालचं सगळं सिनेमाचं मागणं आहे. १९७४ साली 'अर्थक्वेक' या चित्रपटासाठी युनिव्हर्सलने 'सेन्सराउंड' नावाची यंत्रणा काढली आणि भूकंप प्रेक्षकांच्या खुर्च्यांपर्यंत पोचवायला थिएटरांत सर्विन-वेगा कंपनीचे अवाढव्य बेस स्पीकर बसवले. १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स'च्या ७० मिलिमीटर प्रतींवर दोन ध्वनिपट्ट्या निव्वळ खालच्या सुरांसाठी राखून ठेवल्या गेल्या. पुढे १९९२ च्या 'बॅटमॅन रिटर्न्स'पासून डॉल्बी डिजिटल आलं आणि ५.१ हा आकडा रूढ झाला. त्यातला 'पॉइंट एक' म्हणजे जेमतेम १२० हर्ट्झपर्यंतचेच सूर वाहणारी वेगळी 'एलएफई' वाट. इतर पाच वाटा पूर्ण रुंदीच्या, ही एकच चिंचोळी, म्हणून तिला दशांशाचा मान. पण या चिंचोळ्या वाटेला बाकीच्यांपेक्षा १० डेसिबल जास्त जोराने वाजायची मुभा दिलेली असते. थिएटरच्या ठरलेल्या पातळीला मुख्य स्पीकरची कमाल १०५ डेसिबल, तर या वाटेची ११५. शिवाय घरात लहान स्पीकरांना न झेपणारा बेसही रिसीव्हर याच डब्याकडे वळवतो. सगळ्यात अवघड काम आणि तेही सगळ्यात जोरात, असा हा मामला.

त्यात कान आपल्या बाजूचा नाही. १,००० हर्ट्झचा सूर दोन-तीन डेसिबलला ऐकू येऊ लागतो. तोच २० हर्ट्झचा असेल तर सुमारे ७८ डेसिबलपर्यंत चढवल्याशिवाय त्याची जाणीवसुद्धा होत नाही. कानाच्या या भेदभावाचे आलेख बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच काढून ठेवलेत. म्हणून खालचा बेस 'थोडासा' वाजवून चालत नाही. तो एकतर पुरेशा ताकदीने वाजतो, नाहीतर नसल्यातच जमा.

ही ताकद वॅटमधून येते असा सार्वत्रिक समज आहे. ती येते हवा ढकलण्यातून. सूर एक सप्तक खाली नेला आणि जोर तोच ठेवायचा म्हटलं, तर स्पीकरच्या शंकूला चौपट हवा हलवावी लागते. आकडे मांडून बघू. जमिनीवर ठेवलेल्या बंद डब्याने १ मीटर अंतरावर ४० हर्ट्झला १०० डेसिबल आवाज द्यायचा असेल, तर ८ इंची वूफरचा शंकू मधल्या जागेपासून सुमारे ११ मिलिमीटर पुढे आणि तितकाच मागे जायला हवा. चांगला ८ इंची वूफर एवढं कसंबसं करेल. आता तेच १०० डेसिबल २० हर्ट्झला मागा. शंकूला दोन्हीकडे जवळजवळ ४४ मिलिमीटर सरकावं लागेल, म्हणजे तो आपल्या चौकटीतून उखडून बाहेर येईल. १२ इंची शंकूचं क्षेत्रफळ ८ इंचीच्या सव्वादोन पटींहून जास्त, त्यामुळे ४० हर्ट्झला त्याला ५ मिलिमीटर हालचाल पुरते आणि २० हर्ट्झला १९. तेही सोपं नाही, पण लांब हालचालीसाठी घडवलेला उत्तम वूफर ते करू शकतो. वॅट कितीही ओता, ८ इंची शंकू हे करणार नाही. त्याची कॉइल तापेल, जळेल, आवाज फाटेल, पण तळाचा सूर निघणार नाही.

फाटण्याचीही एक गंमत आहे. लहान डब्याला ३० हर्ट्झ मागितले की तो थोडे ३० देतो आणि त्याबरोबर न मागितलेले ६० आणि ९० हर्ट्झही देतो. कान ९० हर्ट्झला कितीतरी जास्त जागा असल्यामुळे आपल्याला ही भेसळच ऐकू येते आणि 'काय दणका आहे!' असं वाटतं. पहिल्यांदा खरोखर चांगला सबवूफर ऐकणाऱ्याची उलट तक्रार असते, की यात बेस कमी आहे. पाचेक मिनिटांनी एखाद्या दृश्यात कानाला काही विशेष जाणवत नाही, पण सोफ्याची पाठ थरथरते, तेव्हा त्याचं मत बदलतं.

वॅटचा हिशेब मात्र फसवा. ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. नीट कान दिला तर कळेल इतकाच. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. १०० ऐवजी १५० वॅटचा डबा आणणं म्हणजे पैसे देऊन २ डेसिबलसुद्धा न मिळवणं. हे झालं खऱ्या वॅटचं. खोक्यावर पाच-दहा हजारांच्या घरात छापलेला 'पीएमपीओ' हा आकडा कुठल्याच मान्य मानकात बसत नाही. तो वाचायचाच नाही. आरएमएस आकडा बघायचा, आणि त्याहून बरं म्हणजे 'सीईए-२०१०' पद्धतीने केलेली मोजणी मिळते का ते शोधायचं. यात २० ते ६३ हर्ट्झमधल्या ठरावीक सुरांना आवाज ठरलेल्या मर्यादेपलीकडे न फाटता डबा किती डेसिबल देतो ते मोजलेलं असतं. दोन डब्यांच्या या मोजण्या शेजारी ठेवल्या की माहितीपत्रकांतली निम्मी विशेषणं गळून पडतात. एकच काळजी घ्यायची: दोन्ही मोजण्या सारख्याच अंतरावरून केलेल्या असाव्यात.

मग मोठा शंकू छोट्याशा सुबक डब्यात का बसवत नाहीत? बसवतात, पण किंमत मोजून. केएलएच या अमेरिकन स्पीकर कंपनीच्या नावातला 'एच' म्हणजे जोसेफ अँटन हॉफमन. त्यांच्या नावाने एक कडक नियम ओळखला जातो: लहान डबा, खोल बेस आणि कमी ताकदीत मोठा आवाज, या तिन्हींपैकी कुठलेही दोनच मिळतील. टीपॉयखाली मावणारा आणि तरीही खोल वाजणारा डबा हवा असेल, तर त्यामागे दांडगा ॲम्प्लिफायर लागतो आणि बिल वाढतं. घरात 'केवढं हे धूड!' असं ऐकून घ्यायची तयारी असेल, तर त्याच पैशात कितीतरी जास्त बेस मिळतो.

डबे दोन जातींचे, बंद आणि पोर्टवाले, म्हणजे हवेसाठी नळी सोडलेले. पोर्टवाला त्या नळीच्या ठरलेल्या सुरापर्यंत फार कमी कष्टात जोरदार वाजतो, पण त्याखाली कड्यावरून पडल्यासारखा कोसळतो: दर सप्तकाला २४ डेसिबल. बंद डबा लवकर उतरू लागतो, पण सावकाश, सप्तकाला १२ डेसिबलने. आता आपल्याकडचे हॉल लहान, भिंती विटांच्या आणि सिमेंटच्या. अशा बंद खोलीत अगदी खालच्या सुरांना खोलीच उचलून धरते, आणि बंद डब्याची उतरण त्यामुळे बरीचशी भरून निघते. म्हणून दार लावून घेता येणाऱ्या दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये १२ इंची बंद डबा उत्तम चालतो. हॉल जेवणघराला, स्वयंपाकघराला आणि पॅसेजला उघडा असेल तर ही मदत मिळत नाही. तिथे पोर्टवाला बरा. आणखी एक, कुठल्याही माहितीपत्रकात न सापडणारी गोष्ट: पोर्टच्या नळीत झुरळं आणि पाली बिऱ्हाड करतात. नळीच्या तोंडाला बारीक जाळी बसवायची झाली, तर हवेची वाट अडणार नाही अशी बसवावी.

इथवर डब्याबद्दल बोललो. खरं राज्य मात्र खोलीचं असतं.

आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. ४० हर्ट्झच्या एका लाटेची लांबी त्या हिशेबाने साडेआठ मीटरच्या वर, म्हणजे २८ फूट. आपला हॉल १५ फुटी. लाट भिंतीवर आपटते, परत फिरते, येणाऱ्या लाटेत मिसळते आणि काही ठरावीक सुरांना सगळी खोलीच डोलू लागते. परातीत पाणी घेऊन ती अलगद हलवा. कडेला पाणी चढतं-उतरतं आणि बरोबर मध्ये जवळजवळ स्थिर राहतं. खोलीतल्या हवेचा दाबही असाच वागतो. भिंतीशी बेस भरपूर, कोपऱ्यात सगळ्यात जास्त आणि मध्यावर खड्डा.

१५ फूट लांब, १० फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच हॉल घेऊ. लांबीच्या दिशेने तो ३८ हर्ट्झला डोलतो, रुंदीच्या दिशेने ५७ ला आणि उंचीच्या दिशेने ६० ला. शेवटचे दोन आकडे पुन्हा बघा. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्यामुळे ५७ ते ६० हर्ट्झच्या पट्ट्यात दोन-दोन डोल एकमेकांवर चढतात. बऱ्याच स्वस्त डब्यांचा जोरही याच आसपास एकवटलेला असतो. सुरुवातीला ज्या 'बुम्म'ची तक्रार केली, तिच्यात अर्धा वाटा या जुळणीचा आहे. नवा डबा त्याच कोपऱ्यात ठेवला तर तोही तिथेच घुमणार, फक्त जास्त महागात.

सोफा हॉलच्या बरोबर मध्यावर असेल तर ३८ हर्ट्झच्या खड्ड्यात बसलात. सोफ्याची पाठ भिंतीला टेकलेली असेल तर सगळे डोल एकदम मानगुटीवर. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढला तरी फरक कळतो, आणि त्याला पैसा पडत नाही. घरातल्या इतरांची परवानगी तेवढी पडते.

डब्याची जागा शोधायची एक जुनी, दिसायला हास्यास्पद पण हुकमी रीत आहे. सबवूफर उचलून सरळ सोफ्यावर, आपण बसतो त्याच जागी ठेवायचा. खालचे सूर असलेला एखादा सावकाश तुकडा लूपवर लावायचा. सुटे सुटे स्वर वाजवणारी बेस गिटार सगळ्यात उत्तम. मग आपण गुडघ्यांवर येऊन, डोकं डब्याच्या उंचीला ठेवून, भिंतीकडेने रांगत फिरायचं. एका ठिकाणी एखादा स्वर अंगावर येतो आणि पुढचा गायब होतो. दोन फूट पुढे सरकलं की उलटं. जिथे सगळे स्वर सारख्याच वजनाचे वाटतात, तिथे खडूने खूण करायची आणि डबा तिथे न्यायचा. डबा आणि कान यांची अदलाबदल केली तरी खोली दोघांमध्ये तसाच व्यवहार करते, या तत्त्वावर ही युक्ती उभी आहे. ती जागा बहुधा टीव्हीच्या युनिटशेजारची नसते. ८० हर्ट्झच्या खाली आवाज कुठून येतोय हे कानाला सहसा कळत नाही, त्यामुळे डबा बाजूच्या भिंतीशी गेला तरी स्फोट पडद्यावरच होतो.

रांगूनही समाधान झालं नाही तर माझं मत स्पष्ट आहे: एक मोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या. हार्मन कंपनीचे संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये आणि पुढे ॲलन डेव्हँटियर यांच्यासोबत २००६ मध्ये हे पद्धतशीर मांडून दाखवलं. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक असे दोन डबे ठेवले तर खोलीतल्या वेगवेगळ्या जागांमधला बेसचा फरक बराच कमी होतो; चार डब्यांनी आणखी. कारण सोपं आहे. हॉलचा रुंदीचा डोल एका भिंतीशी ठेवलेला डबा ज्या दिशेने ढकलतो, समोरच्या भिंतीशी ठेवलेला डबा तोच उलट दिशेने ढकलतो, आणि डोल उठतच नाही. मग सोफ्याच्या मध्यावर बसलेल्याला बेस मिळत नाही आणि टोकाला बसलेल्या मेव्हण्याला नको इतका मिळतो, हा अन्याय संपतो. वर दोघांमध्ये काम वाटलं गेल्यामुळे दोन्ही शंकू आरामात चालतात.

भिंतींवर स्पंज किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवून बेस ताब्यात येईल असं सांगणारे भेटतील. ४० हर्ट्झच्या लाटेचा पाव भागसुद्धा सात फुटांचा. दोन इंची स्पंज तिला दिसतही नाही. अमेरिकेतल्या घरांच्या लाकडी सांगाड्यावरच्या जिप्समच्या भिंती थरथरून थोडा बेस गिळतात. आपल्या भिंती तेवढीही मदत करत नाहीत, त्यामुळे तिकडच्या परीक्षणांत 'घुमत नाही' असं वाचलेला डबा इथे घुमला तर त्याला बोल लावू नये.

जोडणी झाली की रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल' करावेत, मोठे उभे असले तरी. दुभागणी (क्रॉसओव्हर) ८० हर्ट्झवर ठेवावी. सिनेमाच्या ध्वनीची मानकं ठरवणाऱ्या टीएचएक्सने ठरवलेला हा आकडा आजही बहुतेक घरांना लागू पडतो. डब्याच्या पाठीवरचं फ्रिक्वेन्सीचं बटण मात्र शेवटपर्यंत फिरवून किंवा 'एलएफई'वर टाकून त्याला कामातून मुक्त करावं. नाहीतर रिसीव्हर एकदा कापतो, डबा दुसऱ्यांदा कापतो आणि ८० च्या आसपास भोक पडतं. फेजचं बटण दोन्हीकडे करून बघावं. बसल्या जागी पुरुषी आवाज आणि ढोलकीची धुम जिकडे भरीव वाटेल तिकडे ठेवावं. ऑडिसी, डिराक, यामाहाचं वायपाओ यांसारखी आपोआप जुळवणी माइक लावून जरूर चालवावी. ती उंचवटे छान छाटते. खड्डे भरण्याची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नये. १० डेसिबलचा खड्डा भरायला दहापट वॅट लागतात, आणि खड्डा ते सगळे गिळून तसाच राहतो.

अमेरिकेहून येणाऱ्या भावाकडून डबा मागवायचा मोह बऱ्याच घरांत होतो, कारण तिथल्या किमती खुणावतात. त्याआधी मागच्या पट्टीवर व्होल्टेज वाचायला सांगा. फक्त ११०-१२० व्होल्ट लिहिलं असेल तर इथे त्याला वेगळा ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि जोरात वाजताना खेचली जाणारी ताकद पेलणारा ट्रान्सफॉर्मर स्वस्तही नसतो आणि हलकाही. सतत बारीक घरघर येत असेल तर बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा किंवा सेट-टॉप बॉक्सच्या केबलमधून शिरलेल्या विजेचा. ती केबल काढून बघा. घरघर थांबली तर डबा निर्दोष. मात्र घरघर घालवायला तीन पिनांतली अर्थिंगची पिन कधीही तोडू नका. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी शंकूची कड रबराची आहे ना, हेही पाहावं. दमट हवेत फोमची कड काही वर्षांत चुरा होऊन गळते.

राहता राहिले शेजारी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ती ज्या 'ए' मापात मोजतात, त्या मापात ३१.५ हर्ट्झच्या सुरातून ३९ डेसिबल आधीच वजा होतात. म्हणजे खालच्या मजल्यावर ८० डेसिबलची घरघर पोचत असली तरी मीटर ४१ दाखवेल आणि कागदोपत्री तुम्ही सज्जन ठराल. मिरवणुकीतल्या डीजेने छातीत धडधड होऊनही मीटरवरचा आकडा तिच्या मानाने कमी का वाटतो, त्यामागेही काही अंशी हेच गणित आहे. डब्याखाली रबराचे जाड पाय लावल्याने फरशीतून उतरणारी थरथर थोडी कमी होते. हवेतून स्लॅबला बसणारा धक्का कमी होत नाही. रात्री रिसीव्हरचा नाइट मोड लावणं एवढाच प्रामाणिक उपाय आहे.

तेव्हा आधी सोफा सरकवा, मग रांगा, मग बटणं तपासा. हे सगळं फुकट आहे, आणि कित्येक घरांत खरेदी इथेच रद्द होते. तरीही घ्यायचाच असेल तर निदान १२ इंची, किंवा दोन १० इंची घ्या. दुकानाच्या हॉलमध्ये ऐकून निर्णय घेऊ नका, कारण तिथे तुम्ही त्यांचा हॉल ऐकता. घरी नेऊन आठवडाभर वाजवून न पटल्यास परत घेणारा विक्रेता शोधा, आणि परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्या.